हायवेला आउटडोअरचं मोठं दुकान येतंय, पण गळ टाकायचा कुठं?

शाहूपुरीकर
मंडळी, कोल्हापुरात तावडे हॉटेलकडून शिरोलीच्या बाजूला जाताना एक भलंमोठं शेड उभं राहिलंय, बघितलंच असेल. बोर्ड अजून झाकलेला आहे. आत वायरिंग करणारा आमच्या गल्लीतलाच आहे. तो म्हणाला, खेळाचं आणि आउटडोअरचं दुकान आहे. तंबू, सॅक, सायकली, कयाक, आणि मासेमारीच्या सामानाचा एक अख्खा विभाग.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अशा दुकानातून नक्की काय घेण्यासारखं असतं आणि काय उगाच? दुसरी जरा जास्त महत्त्वाची. आमचे चिरंजीव आठवीत आहेत. व्हिडिओ बघून बघून त्याला गळ टाकायचं वेड लागलंय. दुकान उघडलं की रॉड घ्यायचा, असं वचन माझ्याकडून त्याच्या आजीसमोर वदवून घेतलेलं आहे. आमच्या घरात मासा खाणारे सगळे, धरलेला कुणी नाही. रॉड घेतला तर तो घेऊन जायचं कुठं? कोल्हापूर परिसरात रीतसर, कुणाची बोलणी न खाता मासे धरता येतात का?

तांबडापांढरा
पहिला नंबर माझा! नाद खुळा बातमी. पार्किंग हाय का तेवढं सांगा.

उद्यमनगर_लेथ
पार्किंग मोप आहे, मी जाऊन आलो. बाकी एक सांगतो. त्या ट्रेकिंगच्या काठ्या असतात ना, अ‍ॅल्युमिनियमच्या, आतबाहेर सरकणाऱ्या? एक पीस आणून द्या मला. परवा चार तयार असतील, वर तुमचं नाव कोरून.

मसाईची_वाट
@उद्यमनगर_लेथ दादा, नाव कोराल हो, पण उतारावर सगळं वजन टाकल्यावर तो सांधा सरकला तर माणूस तोंडावर. त्या काठीत पैसे पाइपचे नसतात, लॉकचे असतात.

उद्यमनगर_लेथ
ताई, आमच्यात पंपाचे शाफ्ट होतात. काठीच्या लॉकला घाबरतोय होय मी?

मसाईची_वाट
बरं, एक करून द्या. जुलैत मोहिमेला घेऊन जाते आणि कळवते.

शाहूपुरीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला मी बरीच वर्षं पोरांना घेऊन जातेय. दरवर्षी चारपाचजण नवेकोरे, महागडे वॉटरप्रूफ बूट घालून येतात. म्हाळुंग्याच्या पुढं मसाई पठारावर चढेपर्यंत बूट खरंच कोरडे राहतात. मग पहिला ओढा लागतो. पाणी गुडघ्याला असतं, ते वरून बुटात शिरतं. ज्या पडद्यामुळं बाहेरचं पाणी आत येत नाही, त्याच पडद्यामुळं आतलं बाहेर जात नाही. करपेवाडीला मुक्कामाला पोचून मोजा काढला की पाय पांढराफटक, सुरकुतलेला, टाचेची सालं निघालेली. शेजारी अडीचतीनशे रुपयांचे प्लास्टिकचे बूट घातलेलं गावातलं पोरगं चहा पीत बसलेलं असतं. तेव्हा पावसाळ्यासाठी पाणी सोडणारा, जाळीचा, तळव्याला खोल खाचा असलेला बूट घ्या. वॉटरप्रूफ हिमालयात न्या. मोजे सुती अजिबात नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक.

मोठ्या दुकानातून डोळे झाकून घ्यावं असं म्हणजे हेडलॅम्प. दोन्ही हात मोकळे राहतात हे रात्री पांढरपाणीकडं उतरताना कळतं. सॅकचा कमरेचा पट्टा घालून, आत वजन टाकून, दुकानातच दहा मिनिटं फिरून बघा. वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे. आणि स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं 'कम्फर्ट' लिहिलेलं तेवढंच खरं धरा. शेवटचं, सगळ्यात कमी असतं ते, माणूस जेमतेम जगेल एवढ्यासाठी असतं. झोप लागेल म्हणून नव्हे.

जळवांसाठी तिथं स्प्रे मिळेल. मीठ आणि तंबाखूचं पाणी मोज्यावर मारलं तरी काम होतं.

पेठेतला_पैलवान
आमच्या आज्ज्यानं कोल्हापुरी पायताणावर पन्हाळा-विशाळगड केलाय. बूट कसले घेऊन बसलाय.

मसाईची_वाट
पावसाळ्यात केलाय का?

पेठेतला_पैलवान
न्हाई. मे महिन्यात. लग्नाला गेलता.

बिंदूचौक_बाबू
😂😂 वरात होती म्हणायची.

गगनबावडा_एक्सप्रेस
तंबूबद्दल कुणीतरी सांगा. ऑनलाइन बघतोय, एकावर २००० मिमी लिहिलंय, एकावर ३०००. आमच्या बावड्याला वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो. म्हणजे २००० वाला ऑगस्टपर्यंत फाटणार का? सिरियसली विचारतोय.

तांबडापांढरा
फाटणार न्हाई, रिचार्ज संपणार.

निवृत्त_मास्तर
बाळ गगनबावडा एक्सप्रेस, हसणाऱ्यांना हसू दे, प्रश्न चांगला आहे. तो आकडा पडणाऱ्या पावसाचा नाही, दाबाचा आहे. त्या कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती उंचीपर्यंत ते कापड पाणी झिरपू देत नाही, ते मिलीमीटरमध्ये सांगितलेलं असतं. २००० म्हणजे दोन मीटर उंचीचा स्तंभ. नुसत्या पावसाच्या थेंबांना तेवढं सहसा पुरतं. पण ओल्या जमिनीवर तू गुडघा टेकलास की तेवढ्या जागेवर दाब फार वाढतो. म्हणून तंबूच्या तळाचा आकडा छतापेक्षा जास्त असावा. विकत घेताना तळाचा आकडा वेगळा विचार. आणि कापड कितीही चांगलं असो, शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच.

गगनबावडा_एक्सप्रेस
मास्तर, शाळेत असं शिकवलं असतं तर मी सायन्सला गेलो असतो.

निवृत्त_मास्तर
असंच शिकवत होतो. तू शेवटच्या बाकावर असशील.

मिसुरीतला_करवीरकर
नमस्कार. मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, मिसुरी राज्यात. अशा दुकानांची पंढरी आमच्या जवळच आहे, स्प्रिंगफिल्ड गावात. बास प्रो शॉप्स. १९७२ साली जॉनी मॉरिस नावाच्या तरुणानं वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात मासेमारीचं सामान विकायला सुरुवात केली. आज त्याच गावात त्यांचं मुख्य दुकान आहे, आणि दुकान म्हणजे काय, आत धबधबा आहे, टाक्यांमध्ये जिवंत मासे पोहतात, छतापर्यंत पेंढा भरलेली अस्वलं, हरणं, बदकं. मेम्फिसला तर एका भल्यामोठ्या पिरॅमिडमध्ये २०१५ पासून त्यांचं दुकान आहे, वर हॉटेलसुद्धा. लोक तिकडं सहलीला जातात. गळ घ्यायला गेलेला माणूस टोपी, सुकं मांस, फज आणि एक बोटीचं माहितीपत्रक घेऊन बाहेर येतो. गळ विसरतो.

दुसरी बाजूही सांगतो. नेब्रास्का राज्यात सिडनी नावाचं छोटं गाव आहे. तिथं कॅबेलाज नावाच्या अशाच कंपनीचं मुख्यालय होतं, सगळं गाव त्यावर चाललेलं. २०१७ मध्ये बास प्रोनं ती कंपनी विकत घेतली आणि मुख्यालयातल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या. घरांच्या किमती, दुकानं, सगळ्यावर परिणाम झाला. एवढं मोठं दुकान गावात येतं तेव्हा त्याचं गावाशी लग्न लागलेलं नसतं, एवढंच.

आणि शाहूपुरीकर, इकडं मासे धरायला सरकारी परवाना लागतो. दुकानाच्या काउंटरवरच मिळतो. कोणता मासा, किती मोठा, दिवसाला किती, सगळं छापील. त्या परवान्याचे पैसे मत्स्यबीज आणि तलावांवर खर्च होतात. आपल्याकडं तसं काही आहे का, मलाही उत्सुकता आहे.

पेठेतला_पैलवान
पेंढा भरलेली जनावरं बघायला पिरॅमिडला कशाला जायचं? आपल्या न्यू पॅलेसच्या म्युझियमला या. वाघ, बिबट्या, अस्वल, सगळं हाय.

निवृत्त_मास्तर
खरं आहे. आणि आपल्या संस्थानात तर चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, त्यासाठी पाळलेले चित्ते होते. ते सांभाळणारे चित्तेवान होते. शिकारीचा एवढा इतिहास असलेल्या गावात...

बिंदूचौक_बाबू
मास्तर धागा हायजॅक करतायत. 🙂 बाय द वे, अमेरिकेत तसल्या दुकानात बंदुका पण विकतात ना? इथं छर्‍याची तरी मिळेल का? स्वप्नील कुसाळे आमच्या राधानगरीचा, कांबळवाडीचा. पॅरिसचं ब्राँझ आणल्यापासून आमच्या भाच्याला नेमबाज व्हायचंय.

संपादक_मंडळ
नेमबाजीवर वेगळा धागा काढावा. इथं दुकान आणि मासेमारी.

स्टेडियमसमोरचा
मी बोलतो जरा. माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. नाव घेत नाही, जाहिरात होईल. असलं शेड येणार म्हटल्यावर सगळे विचारतात, आता तुमचं काय? तर ऐका.

गिऱ्हाईक आधीच अर्धं गेलेलं आहे. दुकानात येतात, बूट घालून बघतात, उड्या मारून बघतात, माप विचारतात, मग बाहेर जाऊन फोनवर मागवतात. एकानं तर माझ्याच बाकावर बसून मागवला. तेव्हा शेड आलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण शाहू स्टेडियमला फुटबॉलची लीग सुरू झाली की मॅचच्या आदल्या रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं असताना जो पोरगा येतो, "काका, सोल सुटलाय, उद्या प्रॅक्टिस क्लबवाल्यांशी मॅच हाय", त्याला ते शेड उघडं सापडणार आहे का? मी बूट चिकटवून देतो. पैसे लीग संपल्यावर. काही जणांची लीग अजून संपलेली नाही, ते वेगळं.

कयाक, तंबू, रॉड हे मी कधी ठेवलंच नाही. ते त्यांनी खुशाल विकावं.

पेठेतला_पैलवान
काका, त्यातला एक मी हाय. शनिवारी येतो.

स्टेडियमसमोरचा
कोणत्या शनिवारी तेवढं सांग.

डेक्कनचा_डॉ
पुण्यात अशी दुकानं कधीपासून आहेत. नवलाई महिनाभर टिकते, नंतर लोक तिथं फक्त टेबल टेनिस खेळायला जातात, फुकट. कोल्हापुरातही तेच होईल.

तांबडापांढरा
फुकट खेळायला मिळतंय? शाहूपुरीकर, हे आधी सांगायचं न्हाई होय!

काठावरचा_भोई
मासेमारीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या हाच धंदा. भोगावतीच्या काठाला घर, चुलते मत्स्य संस्थेचे सभासद.

आमच्याकडं गळ म्हणजे बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा तुकडा आणि मोरपिसाचा देठ तरंग म्हणून. देठ आडवा पडला, हलला, बुडाला, त्याच्यावरून खाली कोण आलंय ते सांगता येतं. चिलापी टोचे मारते, देठ थरथरतो. रोहू आला की देठ सावकाश चालायला लागतो, मग एकदम खाली. मरळ असला तर विचारायची सोय नाही, काठी हातात घट्ट पाहिजे. मरळाला बेडूक लागतो. तुमच्या दुकानात रबरी बेडूक मिळेल, तोही चालतो, मी वापरून बघितलाय. केंदाळाच्या कडेनं ओढत आणायचा. बाकी रोहू-मृगळाला कणकेचा गोळा, त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड. चिलापीला गांडूळ.

पोराला घ्यायचंच असेल तर सातआठ फुटी साधा रॉड, साधं स्पिनिंग रील, १० ते १२ पौंडांचा ताण झेलणारं तंगूस. दुकानदार तुम्हाला विणलेला महाग दोरा दाखवील. तो ताणत नाही, पोराचं बोट कापेल, आणि दगडात अडकला की सुटत नाही. साधं नायलॉनच घ्या. गळाच्या नंबरात सगळे फसतात. नंबर वाढला की गळ बारीक होतो. १० नंबर ८ पेक्षा लहान. पण १ च्या पुढं शून्य लागलं, १/०, २/०, की उलटं, मोठा होत जातो. चिलापीला ८ किंवा १० घ्या.

आता कुठं टाकायचा. हा प्रश्न तुम्ही विचारला म्हणून बरं वाटलं, कारण कुणी विचारत नाही. रविवारी मोटरसायकलवरून येतात, तलावाच्या काठाला बसतात, फोटो काढतात, मासा घेऊन जातात. तो तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं संस्थेकडं असतो. ठेक्याचे पैसे आम्ही भरतो, बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आम्ही विकत आणून सोडतो, ती वर्षभर वाढते. तुम्हाला तो देवाचा मासा वाटतो. आमच्या चुलत्यानं एकाला विचारलं तर म्हणतो, "पाणी काय तुमच्या बापाचं आहे का?" पाणी नाही. मासा आहे.

बिंदूचौक_बाबू
हे खरंच माहीत नव्हतं. मी पण बसलोय तसा काठावर. म्हणजे रंकाळ्यात पण?

काठावरचा_भोई
प्रत्येक तलावाचं वेगळं. काही पालिकेचे, काही पाटबंधारेचे, काही ग्रामपंचायतीचे. आधी जाऊन विचारायचं एवढंच. संस्थेचा माणूस काठावर भेटतोच, भेटला नाही तर गावात विचारा. शंभरातले नव्वद जण एका पोराला बसायला नाही म्हणत नाहीत. न विचारता बसलेलं आवडत नाही.

मिसुरीतला_करवीरकर
माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इकडं काउंटरवर मिळतं ते तिकडं चुलत्यांकडं मिळतं.

डेक्कनचा_डॉ
पण हे जरा अतिच आहे. एक पोरगं दोन मासे धरणार, त्यानं संस्था बुडते का? हौशी मासेमारीला उत्तेजन दिलं तर पर्यटन वाढेल, गावाला पैसे मिळतील.

काठावरचा_भोई
डॉक्टर, एका पोरानं बुडत नाही. दुकान उघडल्यावर दर रविवारी पन्नास आले तर? पर्यटन करा ना, पावती फाडा, आम्हीच फिरवून आणतो. एवढंच म्हणतोय की दुकानात मासा सोडून सगळं विकत मिळणार आहे, तेव्हा माशाचं आमच्याशी बोला.

डेक्कनचा_डॉ
पावतीला माझी हरकत नाही. ती असावीच. पण मग दुकानातच बोर्ड लावा, कोणता तलाव कुणाकडं आहे. नवख्या माणसाला कळणार कसं?

काठावरचा_भोई
हे मात्र पटलं. चुलत्यांना सांगतो.

निवृत्त_मास्तर
अत्यंत योग्य. त्यात माझी थोडी भर. राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या जंगलात, गळ, जाळं काहीही न्यायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मामला आहे. वनखातं पकडतं तेव्हा हौस म्हणून सोडत नाही. ते जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं जाऊन गवे लांबून बघावेत आणि परत यावं.

दुसरं, जूनमध्ये पहिल्या पुरात ओढ्याला चढणीचे मासे येतात. आमच्या लहानपणी गावच्या गाव बुट्ट्या घेऊन ओढ्यावर. मोठी गंमत असे. पण ते मासे अंडी घालायला वर चढतात, पोटं अंड्यांनी भरलेली. तेच धरले तर पुढच्या वर्षी नदीत काय राहणार?

पेठेतला_पैलवान
मास्तर, चढणीच्या माशाची चव पण तशीच असते हो...

निवृत्त_मास्तर
ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय.

काठावरचा_भोई
गळवाल्यांनी आणि चढणीच्या माशांनी नदीचं जेवढं वाटोळं होत नाही, तेवढं रात्री करंट लावणाऱ्यांनी आणि ब्लिचिंग टाकणाऱ्यांनी होतंय. बोटभर पिल्लूसुद्धा शिल्लक राहत नाही. त्याच्यावर उन्हाळ्यात नदीत मैला आणि कारखान्यांचं पाणी. तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो, पेपरात फोटो येतो, दोन दिवस बोंबाबोंब, मग पाऊस. पंचगंगेत शहराच्या खालच्या अंगाला गळ टाकून मासा खाऊ नका, एवढं फुकट सांगतो. टाकायचाच तर वरच्या अंगाला.

उद्यमनगर_लेथ
शिसं लागलं तर सांगा, वजनं ओतून देतो. बाकी गमतीचा भाग म्हणजे २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. गाड्यांची रांग पार कुठल्या कुठं. त्या दुकानानं कयाक विकायला ठेवल्यात ना? पार्किंगमध्येच डेमो देता येईल.

तांबडापांढरा
पंचगंगा ४३ फुटांवर गेली की ऑफर सुरू. "धोका पातळी सेल".

बिंदूचौक_बाबू
३९ ला इशारा सेल. 😂

सहा_ऑगस्ट
हसा, पण मी त्या पुरात बचाव पथकाबरोबर बोटीवर होतो. अशा दुकानातून कोल्हापूरकरानं पहिल्यांदा काय घ्यावं तर लाइफ जॅकेट. रॉड नंतर.

दोन प्रकार असतात. ५० न्यूटन (म्हणजे तरंगत ठेवायचा जोर) लिहिलेलं असतं ते पोहता येणाऱ्यासाठी, कयाक वगैरेला, हात मोकळे राहतात. माणूस बेशुद्ध झाला तर ते त्याचं तोंड वर करीलच असं नाही. १०० न्यूटनच्याला मानेमागं कॉलर असते. ते माणसाला उताणं करायला बनवलेलं असतं. न पोहणाऱ्या पोराला १००चंच. रंग नारिंगी किंवा पिवळा. निळं, काळं दिसायला छान असतं, गढूळ पाण्यात दिसत नाही.

आणि बंधाऱ्याखाली कुणीही बसू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं तिथं खाली ते गोल फिरत असतं. वरून बघितलं तर शांत फेस दिसतो. त्यात सापडलेला चांगला पोहणारासुद्धा परत परत भिंतीकडंच ओढला जातो. मासे तिथंच जास्त मिळतात, म्हणून लोक तिथंच बसतात.

मसाईची_वाट
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा संपादक.

संपादक_मंडळ
चिकटवला.

शाहूपुरीकर
बापरे, दोन दिवस इकडं आलो नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. चिरंजीवांना रबरी बेडूक सोडून दुसरं काही ऐकू आलं नाही. आजी म्हणाल्या, जॅकेट आधी.

दरम्यान दुसरी सोय झाली असं वाटतंय. बायकोच्या मावसभावाचं शिरोळ तालुक्यात शेततळं आहे. त्यानं त्यात कटला सोडलाय, चिलापीही आपोआप झालीय म्हणतो. "या की दाजी, दिवसभर बसा, जेवायलाच थांबा." म्हणजे परवानगीचा प्रश्न मिटला. तळं उथळच असणार, तेव्हा जॅकेट तिथं लागणार नाही ना?

सहा_ऑगस्ट
दादा, तिथंच सगळ्यात जास्त लागेल! शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, कडा तिरक्या. पाण्यालगत त्याच्यावर शेवाळ धरतं. पाय घसरून आत गेलेल्या माणसाला धरायला काही नसतं, तो वर चढतो आणि परत खाली घसरतो. पोहता येत असलं तरी दमतो. मावसभावाला सांगा, चारी बाजूंनी काठावर खुंट्या ठोकून पाण्यापर्यंत जाडे दोर सोडून ठेव, दोराला गाठी मार. जुने टायर बांधले तर आणखी चांगलं. आणि पोरगं अस्तरावर उतरणार नाही, बांधावरूनच रॉड टाकील. त्याचसाठी तर सातआठ फुटी रॉड असतो.

उद्यमनगर_लेथ
खुंट्या माझ्याकडून. पैसे नकोत.

शाहूपुरीकर
सांगितलं त्याला. आजच दोर बांधतो म्हणाला. पोराचं जॅकेट मापाचं आहे हे कसं ओळखायचं? वाढतं अंग म्हणून एक साइज मोठं घेऊ का?

सहा_ऑगस्ट
मोठं अजिबात नको, शाळेचा शर्ट नाही तो. सगळे पट्टे आवळा, मग जॅकेटच्या खांद्याला धरून त्याला वर उचला. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. मांडीतून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घ्या. छापलेलं वजन बघून घ्या, वय बघून नव्हे.

मसाईची_वाट
आणि मी चिरंजीवांच्या आईच्या वतीनं विचारते, मासा धरून सोडून द्यायचा की आणायचा? हल्ली सोडून देतात म्हणे.

काठावरचा_भोई
कटला लहान असला तर सोडा. ओल्या हातानं धरायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पकडीनं गळाची नांगी आधीच दाबून टाका, काढताना तोंड फाटत नाही. पण चिलापी परत त्या तळ्यात सोडू नका, कितीही बारीक असू दे. ती बाहेरची जात, एकदा शिरली की वर्षातून कितीदा तरी वीण होते आणि कटल्याचं खाद्य खाऊन टाकते. मावसभाऊ तुमचे आभारच मानेल. तिला काटे कमी असतात. आडवे छेद द्या, मीठ, हळद, आंबट, आपली चटणी लावून तासभर ठेवा आणि लोखंडी तव्यावर सावकाश होऊ द्या.

तांबडापांढरा
शिरोळात नक्की कुठं म्हणालात?